अंगभर दुखणे आणि संसाराचा गाडा : फायब्रोमायल्जियासह जगताना

परंडा हे धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम कडेचे, सोलापूर जिल्ह्याला भिडलेले तालुक्याचे गाव. इतिहासाच्या पुस्तकांतून ते भुईकोट किल्ल्यासाठी, १६०० मध्ये अहमदनगर पडल्यानंतर निजामशाहीला येथे मिळालेल्या आसऱ्यासाठी आणि १६३२ मध्ये येथून विजापूरला नेण्यात आलेल्या मलिक-ए-मैदान तोफेसाठी ओळखले जाते. आम्हांस मात्र आज किल्ल्याविषयी लिहावयाचे नाही. त्या तटाभोवतीच्या गल्ल्यांतून आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून रोज पहाटे ज्या स्त्रिया उठतात, चूल किंवा शेगडी पेटवतात, पाणी भरतात, भाकरी थापतात आणि मग शाळेत, अंगणवाडीत, दुकानात वा शेतात कामाला जातात, त्यांच्याविषयी लिहावयाचे आहे. त्यांपैकी काहींच्या तोंडी वर्षानुवर्षे एकच वाक्य असते, "सगळं अंग ठणकतंय." हे वाक्य इतक्या जणींकडून इतक्यांदा ऐकू येते की अखेर ते कोणाच्याच कानात शिरत नाही.

प्रथमच एक कबुली देणे आम्हांस आवश्यक वाटते. धर्मगुरू म्हणून लोकांची गाऱ्हाणी ऐकून घेण्याचे काम गेली पंचवीस-तीस वर्षे आमच्या वाट्याला आले आहे. या काळात अंगदुखी, अपुरी झोप, न संपणारा थकवा आणि विसरभोळेपणा यांची तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी भगिनींना आम्ही "मन शांत ठेवा, फार विचार करू नका, सारे ठीक होईल" एवढेच सांगून परत पाठविले. हाती सर्व तपासण्यांचे कागद 'नॉर्मल' असत आणि कागद नॉर्मल म्हणजे माणूस नॉर्मल, असे आम्हीही समजत होतो. आमचा तो समज चुकीचा होता. ज्या दुखण्याला आम्ही मनाचा खेळ समजलो, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, निदानाचे निकष आहेत आणि काही अंशी उपायही आहेत. ते नाव म्हणजे फायब्रोमायल्जिया.

नाव नवे, दुखणे जुने

लॅटिन व ग्रीक शब्दांच्या जोडणीतून बनलेल्या या नावाचा अर्थ तंतूंचे व स्नायूंचे दुखणे एवढाच होतो. १९०४ मध्ये लंडनचे वैद्य विल्यम गोवर्स यांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' हा शब्द वापरला. स्नायूंच्या तंतूंना सूज येत असावी, असा त्यामागे तर्क होता. पुढे अनेक दशके शोध घेऊनही ती सूज काही सापडली नाही. म्हणून १९७६ च्या सुमारास सूज सुचविणारा शब्द बाजूस सारून केवळ वेदना सांगणारे आजचे नाव पुढे आले. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने निदानाचे पहिले सर्वमान्य निकष दिले : तीन महिने अंगभर दुखणे, आणि शरीरावरील ठरावीक १८ जागा दाबल्या असता निदान ११ जागी वेदना. आजही काही डॉक्टर या जागा दाबून पाहतात. २०१० मध्ये ही पद्धत बदलली. आता शरीराचे १९ भाग धरून त्यांपैकी किती ठिकाणी दुखते हे मोजतात. त्याचबरोबर थकवा, उठल्यावर ताजेतवाने न वाटणे आणि स्मरण व एकाग्रतेतील अडचण यांची तीव्रता मोजतात. २०१६ च्या सुधारणेने त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली : दुसरा एखादा आजार असला म्हणून फायब्रोमायल्जियाचे निदान बाद ठरत नाही. संधिवाताच्या रुग्णालाही तो असू शकतो.

जगभरातील पाहण्यांतून प्रौढांमध्ये याचे प्रमाण साधारणतः शेकडा २ ते ४ आढळते. स्त्रियांत ते अधिक आहे. पण पुरुषांना तो होत नाही असे मुळीच नाही. पुरुष सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, म्हणून त्यांचे निदान राहून जाते, एवढाच त्याचा अर्थ. तरुण मुलींपासून वृद्धांपर्यंत कोणत्याही वयात तो उद्भवू शकतो. रक्ताच्या जवळच्या नात्यात तो अधिक आढळतो. "माझ्या आईचंही असंच होतं" हे वाक्य त्यामुळे डॉक्टरांच्या उपयोगाचे असते, ते टाळू नये.

आपल्या भागाशी जोडलेली एक महत्त्वाची नोंद येथे द्यावीशी वाटते. परंड्याहून कुर्डुवाडी-टेंभुर्णीमार्गे पुण्याच्या रस्त्याला लागले की इंदापूरच्या पुढे, उजनीच्या फुगवट्याच्या काठी भिगवण लागते. याच भिगवणला १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या 'कॉपकॉर्ड' या उपक्रमाखाली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांकडे चौकशी झाली आणि त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८.२ लोकांना, सांधे वा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक होती. खऱ्या आमवाताचे रुग्ण अगदी थोडे, लोकसंख्येच्या शेकडा अर्ध्याच्या आसपास निघाले. सांध्यांची झीज, मऊ ऊतींचे दुखणे आणि कोणत्याच ठाशीव चौकटीत न बसणारी अंगदुखी यांचाच भरणा मोठा होता. म्हणजे ज्वारी आणि उसाच्या पट्ट्यातील आपल्यासारख्याच एका गावात दर पाच-सहा प्रौढांमागे एक जण दुखणे घेऊन वावरत होता. फायब्रोमायल्जिया हा शहरी, सुखवस्तू बायकांचा आजार आहे, हा गैरसमज त्या गावाने पंचवीसएक वर्षांपूर्वीच खोडून काढला होता. आपल्या कानावर मात्र ते आले नाही.

दुखते नेमके कुठे?

हा प्रश्न रुग्णाला सर्वांत अडचणीचा वाटतो, कारण त्याचे खरे उत्तर "सगळीकडे" हेच असते, आणि ते ऐकून समोरचा हसतो. आज मान व खांदे, उद्या कंबर व मांड्या, परवा हाताची बोटे. सांध्यांना सूज नसते, एक्स-रे स्वच्छ असतो, रक्तात दाह दाखविणारे आकडे वाढलेले नसतात. स्नायूंत बिघाड सापडत नाही. तो वेदनेचा निरोप वाहून नेणाऱ्या व तो वाचणाऱ्या मज्जासंस्थेत असतो. रेडिओच्या आवाजाचे बटण वरच्या टोकाला अडकून बसावे आणि साधे बोलणेही कर्कश ऐकू यावे, तसा हा प्रकार आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णांच्या व निरोगी माणसांच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला आणि त्या वेळी मेंदूची चित्रे घेतली. निरोगी माणसाच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे जितक्या मोठ्या दाबाने जागी झाली, तितकी रुग्णांच्या मेंदूत त्याहून कितीतरी हलक्या दाबाने जागी झाली. रुग्ण वेदना वाढवून सांगत नाही. त्याला ती वाढूनच पोहोचते. वेदनाशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये या जातीच्या वेदनेला 'नोसिप्लास्टिक' असे वेगळे नाव दिले. जखमेची वेदना एक, नस दबल्याची वेदना दुसरी आणि ही तिसरी.

झोपेचा संबंध तर फार निकटचा आहे. १९७५ मध्ये कॅनडातील टोरंटो येथे हार्वी मॉल्डॉफस्की यांनी निरोगी तरुणांची गाढ झोप रात्रभर पुन्हा पुन्हा मोडली. माणूस पूर्ण जागा होणार नाही, पण खोल झोपेतून वर येईल, इतपतच आवाज ते करीत. काही रात्रींत त्या तरुणांचे स्नायू दुखू लागले, दाबल्यास कळ येऊ लागली. झोप परत मिळाल्यावर दुखणे गेले. हा प्रयोग वाचताना आम्हांस आपल्या तालुक्यातील घरे आठवली. शेतपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की धनी मोटार चालू करायला उठतो आणि त्याच्यामागे घर जागे होते. नळाला पाणी अवेळी येते. अंगावर पिणारे मूल असते. वृद्ध सासऱ्यांना रात्री दोनदा उठवून न्यावे लागते. गाढ झोप मोडण्यासाठी येथे कोणा संशोधकाने यंत्र बसविण्याची गरज नाही.

आजार कशाने सुरू होतो, याचे एकच उत्तर नाही. एखादा अपघात, मोठा ताप, बाळंतपण, दीर्घकाळचा ताण, जिवलगाचा मृत्यू, बालपणी सोसलेला छळ यांनंतर तो डोके वर काढताना दिसतो. पुष्कळदा काहीच निमित्त सापडत नाही. पूर्वजन्मीचे पाप, करणी, नजर किंवा देवाचा कोप यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे आमच्यासारख्याने स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे.

निदानापर्यंतची वाट

निदान हे मुख्यतः नीट विचारून व तपासून होते. फायब्रोमायल्जिया दाखविणारी रक्ताची कोणतीही चाचणी नाही. तरीही काही साध्या तपासण्या कराव्याच लागतात, कारण तसेच दुखणे देणारे आणि औषधाने सहज बरे होणारे दुसरे आजार आहेत : थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. सांध्यांना दिसणारी सूज, सकाळी तासाहून अधिक टिकणारा आखडलेपणा, ताप, वजन घटणे, एखाद्या हातापायातील शक्ती जाणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांपैकी काही असल्यास त्याला फायब्रोमायल्जिया म्हणून घरी बसू नये. आणि ज्याचे निदान झालेले आहे, त्याच्याही प्रत्येक नव्या दुखण्याला तेच लेबल चिकटवू नये.

परंड्यातील माणसाला जिल्ह्याचे ठिकाण लांब आणि बार्शी जवळ, हे सर्वश्रुत आहे. बार्शीतील दवाखाने, सोलापूरचे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, आणि २०२२ पासून धाराशिव येथे सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, एवढी तरी दारे आज उघडी आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाल्याने "प्रवासालाच पैसे नाहीत" ही सबबही थोडी सैल झाली आहे. तज्ज्ञ पुण्यातच गाठला पाहिजे असे नाही. हा आजार माहीत असलेला आणि ऐकून घेणारा एखादा फिजिशियन पुरेसा होतो.

वाटेत मात्र खड्डे आहेत. पहिला खड्डा सुईचा. गावोगावी "एक इंजेक्शन घ्या, चार दिवसांत उठून बसाल" असे सांगणारे भेटतात आणि पेशंट खरोखरच चार दिवस उठून बसतो. कारण त्या सुईत बहुधा स्टेरॉइड असते. फायब्रोमायल्जियात स्टेरॉइडचा उपयोग नाही. वरचेवर घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, आणि पुढे ते एकदम थांबविणेही धोक्याचे ठरते. बिननावाच्या पुड्यांचीही तीच गत. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या येथे फारसे काम करीत नाहीत, पोट व मूत्रपिंडे मात्र बिघडवितात. दुसरा खड्डा शस्त्रक्रियेचा. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेले. कंबरदुखी आणि ओटीपोटाच्या दुखण्यावर "पिशवी काढून टाका" हा सल्ला आपल्या भागातही नवा नाही. त्या साऱ्या जणींना फायब्रोमायल्जिया होता, असे आम्ही म्हणत नाही. परंतु स्त्रीच्या वेदनेचा शोध घेण्यापेक्षा तिचा अवयव काढणे जेथे सोपे वाटते, तेथे असल्या न दिसणाऱ्या आजाराचे निदान कसे व्हावे?

उपचार : थोडे औषध, पुष्कळ धीर

हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आजतरी नाही. तो जीव घेत नाही, सांधे वाकडे करीत नाही, अर्धांग आणीत नाही. हे तिन्ही नकार रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावेत. निम्मी भीती तेथेच ओसरते. औषधांत झोपेपूर्वी अल्प मात्रेत दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन जुने व स्वस्त आहे. अमेरिकेत २००७ मध्ये प्रीगाबालिन, २००८ मध्ये ड्युलोक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रान यांना या आजारासाठी मान्यता मिळाली. सर्वांना सर्व औषधे लागू पडत नाहीत. काहींना गुंगी येते, तोंड कोरडे पडते, वजन वाढते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू वाढवावी व थांबवितानाही हळूहळू कमी करावी.

येथे घराघरांत घडणारा एक प्रसंग सांगणे भाग आहे. चिठ्ठीवरील गोळी पाहून कोणीतरी म्हणते, "अहो, ही तर डोक्याच्या पेशंटची गोळी!" त्या एका वाक्याने उपचार बंद पडतो, कधी कधी सोयरीकही बिघडते. ही औषधे नैराश्यासाठीही वापरतात, हे खरे आहे. पण वेदनेचे निरोप मंद करणारी रसायने आणि मनाची उभारी राखणारी रसायने पुष्कळ अंशी तीच आहेत. म्हणून एकच गोळी दोन कामे करते. नैराश्यही सोबत असले, आणि वर्षानुवर्षे दुखणाऱ्या माणसाला ते असणे स्वाभाविक आहे, तर त्यात लपविण्यासारखे काय आहे? जगणे नकोसे वाटू लागले असेल तर वाट पाहू नये. शासनाची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने उपचारांची छाननी करून २०१६ मध्ये ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत ठाम पाठिंबा मिळालेला उपाय एकच होता, आणि तो औषध नव्हता. तो होता व्यायाम. हे ऐकताच आपल्याकडे हमखास प्रश्न येतो, "दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी कसला व्यायाम?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. काम हे कामाच्या मापाने चालते : हंडा अर्धा भरून चालत नाही, खुरपणीची पात मध्येच सोडता येत नाही, पिळे पिळल्याशिवाय धुणे होत नाही. एकाच खांद्यावर, एकाच कंबरेवर ओझे पडत राहते. व्यायाम हा शरीराच्या मापाने चालतो. आज पाच मिनिटे सपाट रस्त्याने चालणे, आठवडाभर तेवढेच, मग सात मिनिटे, मग दहा. आरंभी दुखणे किंचित वाढते, ते दोन-तीन आठवड्यांत निवळते. चालणे, हलकी योगासने, जमल्यास पाण्यातील व्यायाम, यांपैकी काहीही चालते. नेम चुकता कामा नये. ज्या स्त्रीला दिवसातून वीस मिनिटे स्वतःसाठी घराबाहेर पडता येत नाही, तिच्यासाठी हे औषध सर्वांत महाग ठरते, हे आम्ही जाणून आहोत. ते विकत घेण्याची ऐपत तिच्या एकटीची नसते, घराची असावी लागते.

घर, काम आणि विहिरीचा उपसा

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ मध्ये असे दिसले की घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालविते आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांचीही मिनिटे घटली, अंतर तेवढेच राहिले. या पाच तासांत शेतातील मजुरी वा नोकरी धरलेली नाही. अंगभर दुखणाऱ्या व्यक्तीने संसार आणि काम यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न याच पाच तासांशी येऊन ठेपतो.

समजा, परंड्यात राहणारी एक शिक्षिका आहे. दोन मुले, सासू-सासरे, पती खासगी नोकरीत. सोमवारी तिला बरे वाटते. तशा दिवशी ती काय करते? साठलेले सारे करते : चादरी धुते, डबे घासते, जाळी काढते, परीक्षेचे गठ्ठे तपासते. मंगळवार-बुधवारी ती अंथरुणातून उठू शकत नाही आणि सासू म्हणते, "काल तर चांगली होती, आज काय झालं?" हा चक्राकार घात प्रत्येक रुग्णाच्या परिचयाचा आहे. लातूर-धाराशिवकडील ज्या घरांत वेळअमावस्या असते, तेथे तर तो ठरलेलाच. आदल्या दिवशी भज्जी-आंबिलाची तयारी, पहाटेपासून स्वयंपाक, शेतात पन्नास पाने. आणि मग आठवडाभर पडून राहणे.

आपल्याकडील शेतकऱ्याला विहिरीचा उपसा समजावून सांगावा लागत नाही. दुष्काळी रानातल्या विहिरीत रात्रभरात झरून जेवढे पाणी येते, तेवढेच सकाळी उपसायचे असते. मोटार हट्टाने चालू ठेवली तर गाळ येतो, फूटबॉल उघडा पडतो, मोटार जळते आणि पाणी भरायला दुसरे दोन दिवस जातात. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाची शक्ती अशीच झरून येते. चांगल्या दिवशीही थोडे पाणी विहिरीत ठेवावे, वाईट दिवशीही थोडा उपसा करावा. काम वाटून, तुकडे पाडून, मध्ये विसावा ठेवून करावे. दमल्यावर थांबण्याऐवजी दमण्यापूर्वी थांबावे. सांगायला हे सोपे आहे. पण न दमता बसलेली सून पाहण्याची आपल्या घरांना सवय नाही.

म्हणून निदान सांगण्याच्या वेळी पती आणि शक्य तर सासू दवाखान्यात हजर असावीत, असा आमचा आग्रह आहे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले आणि सुनेच्या तोंडून ऐकलेले यांत, दुर्दैवाने, फरक पडतो. घरी बदल छोटे असतात आणि त्यांचा गुण मोठा असतो. घागर अर्धी भरणे. धुण्याचे पिळे दोघांनी मिळून पिळणे. खाली बसून वाकण्याऐवजी भाकरीची परात उंच ओट्यावर घेणे आणि कणीक मुलाने मळणे. भाजी बसून चिरणे. एकच जड पिशवी आणण्याऐवजी बाजार दोन खेपांत आणणे. रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याने कडी आवाज न करता लावणे. सासऱ्यांना रात्री उठविण्याची पाळी आठवड्यातून चार दिवस मुलाने घेणे.

मुलांना काय सांगावे? खरे तेच सांगावे. आई गप्प बसली की मुलांना वाटते, आपलेच काही चुकले. "आज अंग फार दुखतंय, तुमच्यावर राग नाही, गोष्ट उद्या सांगीन" एवढे वाक्य सहा-सात वर्षांच्या मुलालाही कळते. मोठ्या मुलीवर सारे ओझे सरकविण्याचा मोह मात्र टाळावा. तिची शाळा बुडवून मिळालेली विश्रांती फार महाग पडते, आणि घरात मुलगाही असतो.

पतीपत्नींच्या नात्याविषयी आपल्याकडे कोणी बोलत नाही. ज्या अंगाला हलका स्पर्शही टोचतो, त्या अंगाने जवळ येण्याचे टाळले तर त्याचा अर्थ प्रेम आटले असा नसतो. हे न सांगितल्यामुळे दुरावलेली जोडपी आमच्या पाहण्यात आहेत. सांगितल्यानंतर पुन्हा सावरलेलीही आहेत.

नोकरीच्या ठिकाणची अडचण निराळी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नावे आहेत. त्यांत फायब्रोमायल्जियाचे नाव नाही. म्हणजे सवलत मिळणे वरिष्ठांच्या समजुतीवर अवलंबून राहते. तरीही मागणी नेमकी असली तर ती मान्य होण्याचा संभव वाढतो. "मला त्रास होतो" असे मोघम न सांगता, "फळ्याजवळ खुर्ची ठेवावी, सलग चार तासिका देऊ नयेत, वरच्या मजल्यावरील वर्ग देऊ नये" असे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सांगावे. विसरभोळेपणासाठी वही जवळ बाळगावी. शब्द आठवत नाही, हातातली वस्तू कुठे ठेवली ते कळत नाही, हेही आजाराचेच लक्षण आहे. त्याला वेडाची सुरुवात समजून घाबरू नये. रोजंदारीवर खुरपणीला जाणाऱ्या किंवा कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जाणाऱ्या स्त्रीला यांतील एकही सवलत मिळत नाही. एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. तिच्यासाठी आमच्यापाशी तयार उत्तर नाही. मुकादमाशी बोलून जड मोळी उचलण्याऐवजी दुसरे काम मिळवून देणे, बचत गटाने आळीपाळीने तिच्या घरचे पाणी भरणे, असे काही शेजारच्यांना करता येईल.

भेटीस जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. "दिसायला तर छान दिसता" हे वाक्य कौतुक म्हणून म्हटले जाते आणि आरोप म्हणून पोहोचते. "आमच्या शेजारणीला अमुक काढ्याने गुण आला" हेही तसेच. त्यापेक्षा जाताना पाण्याची एक कळशी भरून ठेवावी, किंवा येताना भाकऱ्या थापून आणाव्यात.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. शाळकरी मुलांची दोनशे पानी वही चालते. रोज रात्री चार ओळी : कुठे दुखले, झोप किती झाली, कोणते काम केले, काय घेतले. लिहिता येत नसेल तर नातवाने लिहावे. मागील सर्व चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटे त्याच पिशवीत टाकावीत, आणि जी सुई घेतली तिचे नाव माहीत नसेल तर तेही मोकळेपणाने सांगावे. दहा मिनिटांच्या भेटीत तोंडी आठवणार नाही ते त्या वहीत सापडते. आणि बार्शीच्या गाडीला बसताना पतीने सोबत यावे; परतीच्या वाटेवर बोलायला निवांत वेळ मिळतो.